वीणेचा सांधा

एकोणीसशे त्र्याऐंशी साल. मी चौतीस वर्षांचा होतो. तिसरीतून शाळा सुटली ती सुटलीच, तेव्हा लिहिण्यात चूकभूल असेल. पण जे झालं ते मला अजून जसंच्या तसं आठवतं.

उदगीरच्या मोंढ्यात मी हमाली करायचो. त्या वर्षी मोंढा ओस पडला. पोतीच नाहीत तर हमाल काय करणार? घरी बसलो. लातूर जिल्हा होऊन वर्ष भरत आलं होतं. टँकरसाठीचा अर्ज आता उस्मानाबादला नाही, लातूरला द्यायचा, एवढा बदल गावाला कळला होता. मिरग कोरडा गेला तेव्हा महादेवाच्या देवळात सात दिवसांचा शिवनाम सप्ताह धरायचं ठरलं.

सप्ताहात वीणा सात दिवस उभी असते. एकानं गळ्यात घालून दोन तास नाम घ्यायचं, मग दुसऱ्याच्या गळ्यात द्यायची. जमिनीला टेकवायची नाही. पहिला पहारा माझ्या सासऱ्यांचा. बत्तीस वर्षं त्यांचाच. मी त्यांना मामा म्हणायचो. मामा आमच्या लिंगायतांतही फार कडक. पूजा झाल्याशिवाय पाणी घेत नसत आणि हॉटेलातला चहा त्यांनी जन्मात घेतला नाही.

देवळात खुंटीवर टांगलेली वीणा उन्हाळ्यानं वाळून निखळली. दांडी भोपळ्यापासून सुटली, वरची लाकडी तबली एका कडेनं उचलली. मामा ती नांदेडला घेऊन गेले. दुरुस्तीवाला म्हणाला, ठेवून जा, दोन महिने लागतील. सप्ताहाला उरले होते अठरा दिवस. मामा परत आले ते न जेवता आमच्या ओट्यावर बसले.

मी म्हणालो, "मामा, द्या इकडं. मी करतो."

"पाव्हणं, हे पोतं शिवणं न्हाई."

"सांधा तो सांधाच."

असं बोललो आणि अडकलो.

पहिल्यांदा बाभळीचा डिंक लावला. सुतळीनं दांडी आवळली, पोत्याला मारतो ती गाठ मारली आणि वर दगड ठेवले. तीन दिवसांनी सोडलं. सांधा मजबूत दिसला. तार चढवली, खुंटी पिळली, अन् कट्‌. त्या कोरड्या हवेत डिंकाचा भुगा झाला होता. दुसऱ्यांदा डिंकात उडदाचं पीठ मिसळलं. तेही कट्‌. बायको म्हणाली, "बाबांना जाऊन सांगा, जमंना म्हणून. त्यात काय लाज?" मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही.

सहा दिवस उरले तेव्हा गावच्या सुताराकडं गेलो. तो हसला. "मालक, सरस लागतो ह्याला. पण तुमच्या घरात चालंल का?" सरस म्हणजे जनावरांची हाडं, कातडी उकळून केलेला. मी म्हणालो, "दे."

बायकोनं तिचा तांब्या दिला नाही. मी डालड्याच्या डब्यात, मागल्या अंगणात, सरस पाण्यात भिजवून मंद आचेवर वितळवला. घोटभर पाणी त्यात गेलं त्यावरनंही बोलणी खाल्ली. वास असा सुटला की शेजारीण दार लावून घेती झाली. आणि त्या वासानं मी थांबलो. कारण तो वास मला ओळखीचा होता.

सांध्यातला जुना चिकटा मी सुरुवातीलाच चाकूनं खरवडून काढला होता, तपकिरी, काचेसारख्या खपल्या, आणि तेव्हा असाच वास आला होता. पुडीत ठेवल्या होत्या. त्यातली एक गरम पाण्यात टाकली. विरघळली. वास तोच. म्हणजे ही वीणा घडली तेव्हाच सरसानं जोडलेली होती, आणि गावानं ती सगळी वर्षं गळ्यात घातली होती. मी पुडी कोनाड्यात टाकली. कुणाला सांगायचं नाही असं ठरवलं.

सरस लावून चार दिवस दाबून ठेवली. तार चढवली. मी खुंटी पिळत होतो आणि कान कट्‌ ऐकायला टवकारले होते. काही झालं नाही. वीणा बोलली.

सप्ताहाच्या आदल्या संध्याकाळी मामा आले, बरोबर देवळाचे दोन पंच. मामांनी तारा छेडल्या. त्यांचं तोंड असं उजळलं की मला वाटलं, झालं, जिंकलो. मग त्यांनी रिवाजाप्रमाणं कपाळ वीणेला टेकवलं, आणि ते तसंच टेकलेलं राहिलं.

"पाव्हणं, काय लावलं हिला?"

खोटं बोलायची मला सवय नाही. "सरस."

"हाडाचा?"

"हाव."

थोरला पंच उठूनच उभा राहिला. "आता ही गळ्यात घालून शिवाचं नाव घ्यायचं व्हय? हमालाच्या हातात वीणा दिली, तवाच मला वाटलं हुतं!"

हमाल म्हणाला तो. डोक्यात जाळ झाला. मी कोनाड्यातली पुडी आणून त्याच्यापुढं उघडली. "हे बघा. जुन्या सांध्यातलं हाय. हेबी सरसच. टाका गरम पाण्यात, घ्या वास! आजवर काय गळ्यात घालून नाचलाव?"

पंच एक पाऊल मागं सरला. पण मामांनी पुढं होऊन एक खपली उचलली. नखानं खरवडली, नाकाशी नेली.

"म्हंजे मी बत्तीस वर्षं..."

मी पुडी घाईनं मिटली. आता लपवून उपयोग नव्हता.

मामांनी वीणा माझ्या हातात दिली, अंगरख्याला हात पुसले आणि ओटा उतरले. पंच म्हणाले, "आन् सकाळचा पहारा?" मामांनी मान नुसती हलवली, नाही अशी.

पंच गेल्यावर बायको म्हणाली, "त्या पंचाला घ्यायचं होतं बाजूला. बाबांसमोर कशाला?"

"खोटं बोललो का मी?"

त्या दिवशी ती रडली ते मला दिसू नये म्हणून चुलीपुढं बसून होती. चूल पेटलेली नव्हती.

मामा पुढं अकरा वर्षं जगले. मला कधी टाकून बोलले नाहीत, घरी येत राहिले. वीणा मात्र त्यांनी परत धरली नाही. सांधा अजून पक्का आहे, हे मी अभिमानानंच सांगतो. दुसरी गोष्टही सांगतो, कुणी विचारत नाही तरी.

सप्ताहाच्या पहिल्या दिवशी पहाटे मी तांब्याभर पाण्यात अंग पुसलं, विभूती लावली आणि वीणा घेऊन आधी मामांच्या दारात गेलो. "मामा, चला." आत जाग होती. दार उघडलं नाही. दुसऱ्यांदा हाक मारायला तोंड उघडलं, पण मारली नाही. मग देवळात गेलो. पंच, गावकरी, सगळे गोळा झाले होते आणि पुढं कुणी होत नव्हतं. मी वीणा माझ्याच गळ्यात घातली, देवाकडं तोंड करून उभा राहिलो आणि बेसूर आवाजात नाम सुरू केलं. मागं कोण उभं राहिलं, कोण निघून गेलं, ते दोन तास मी वळून पाहिलं नाही.