मिडफिल्डमधला नवरा

परवा शेड आवरताना जुन्या लंबगोल चेंडूच्या ओलसर चामड्याचा वास आला आणि इथलं, इंग्लंडातल्या कॉव्हेंट्रीबाहेरचं ते मैदान आठवलं. मेलबर्नच्या प्रोजेक्टवरून नवरा ऑस्ट्रेलियन फुटबॉलचं वेड घेऊन आला होता आणि इथल्या हौशी क्लबात मिडफिल्डला खेळायचा. आम्ही बायका बाउंड्रीजवळच्या बाकावर थर्मासमधला आल्याचा चहा पीत एकेका खेळाडूची हजेरी घ्यायचो. फायनलआधीच्या प्रॅक्टिसला कोच आमच्यापाशी आला आणि म्हणाला, "तुम्ही दर शनिवारी सगळं बघता. मिडफिल्डमधून कुणाला बाहेर बसवू?" मीच बोलून गेले, "माझ्या नवऱ्याला. तिसऱ्या क्वार्टरनंतर तो पळत नाही, कमरेवर हात ठेवून उभा राहतो." गुरुवारी फोनवर टीमची यादी आली, त्यात त्याचं नाव नव्हतं. त्या रात्री नेहमी दोनदा घेतो तो वरणभात त्याने एकदाच घेतला. शनिवारी फायनलला मात्र तो येऊन माझ्याच शेजारी बाकावर बसला. त्याच्या जागी घेतलेला प्लंबर शेवटपर्यंत जीव खाऊन पळाला, आम्ही जिंकलो, आणि ओरडून ओरडून नवऱ्याचा आवाज बसला. मग त्याने माझ्यापुढे कप धरला, "ओता चहा, निवड समिती!" त्याला कुणी सांगितलं होतं, हे मी अजून विचारलेलं नाही, चेंडूत मात्र परवा हवा भरून ठेवली.