सिस्टरचा खुलासा

दवाखान्यातली सिस्टर कजाग आहे असं सगळे म्हणत, आणि ते काही खोटं नव्हतं. बावीस वर्षं ती औषधाच्या खिडकीत बसून दातदुखीवाल्यांशी भांडत आली होती. दात किडला की लोकांना कॅप्सूल हव्या असत. दोन दिवस ठणका थांबला की स्वारी खूश! "अहो, आत पू साचलाय. दात साफ करून घ्या, नाहीतर काढून टाका. नुसत्या कॅप्सूल गिळून तो जाणार आहे का?" असं प्रत्येकाला सुनावून ती दातांच्या डॉक्टरांची वेळ स्वतःच फोन करून ठरवायची. लोक नाकं मुरडत. तिला त्याचं सोयरसुतक नव्हतं.

त्या दिवशी कोपऱ्यावरचे टेलरमास्तर तिसऱ्यांदा आले. दाढेची सूज आता हनुवटीखाली उतरली होती. डॉक्टरांनी रांगेकडे बघत बघतच पुन्हा त्याच कॅप्सूल लिहिल्या.

"मास्तर, तीन बोटं उभी तोंडात घाला बघू," सिस्टर म्हणाली.

एकसुद्धा जेमतेम गेलं. मास्तरांचं बोलणं तोंडात गरम घास धरल्यासारखं येत होतं. थुंकी गिळवत नव्हती, म्हणून ते ती रुमालाला पुसत होते. सिस्टरने वाकून बघितलं. सूज जिभेखाली पसरली होती. श्वासाची वाट बंद झाली तर माणूस हातचा जाणार. तिने कॅप्सूल परत कपाटात टाकल्या आणि ॲम्ब्युलन्स बोलावली.

"सिस्टर, मी लिहिलंय ते द्यायचं!" डॉक्टर कडाडले.

"मग इकडे येऊन यांचं तोंड उघडून दाखवा, सर."

ते जागचे हलले नाहीत. "मला लेखी खुलासा हवाय. आजच."

"आजच कशाला, आत्ताच देते."

मास्तरांना गाडीत बसवून ती लिहायला बसली. आपली चूक निघाली तर नोकरी गेलीच, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी तिने लिहिलं, 'मी औषध दिलं नाही. असा पेशंट पुन्हा आला तरी देणार नाही.' खाली ठसठशीत सही ठोकली.

चार वाजता मोठ्या हॉस्पिटलमधून डॉक्टरांना फोन आला. दाढ काढली होती, गळ्याला छेद देऊन पू काढला होता. तासभर उशीर झाला असता तर श्वास कोंडला असता. मास्तर वाचले होते.

डॉक्टर खिडकीपाशी आले. "सिस्टर, तो कागद फाडून टाकू या."

"छे! फायलीला लावा," ती म्हणाली. "दर वेळी नवा लिहीत बसायला मला वेळ नाही."