पाच मीटरवरचा दोर

आमच्या घरात अंगारे-धुपारे नाहीत. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली आणि त्याच आठवड्यात भूत, भगत, उतारे सगळं घराबाहेर काढलं. मी स्वतः लाखनीजवळच्या एका शाळेत अठरा वर्षांपासून गणित शिकवतो. वर्गात कुणी चकव्याची गोष्ट काढली तर त्याला फळ्यासमोर उभं करून पुरावा मागतो. या सदरातले अनुभवही मी आजवर गंमत म्हणूनच वाचले. आता स्वतः लिहायला बसलोय... आणि यातला निम्मा भाग अमानवीय नाही. तो माझा आहे. आधी तोच सांगतो, नाहीतर पुढे हिंमत व्हायची नाही.

भंडारा-गोंदिया वेगळे होऊन सात-आठ वर्षं झाली होती. आमचं धान गावच्या मामा तलावावर – म्हणजे मालगुजारीच्या काळातल्या तलावावर – पिकतं. धान पोटरीवर आलं, शेवटचं पाणी हवं होतं, आणि तुडुम बुजलं. तुडुम म्हणजे पाळीच्या, तलावाच्या मातीच्या बांधाच्या, आतल्या अंगाला खोल असलेली पाणी सोडायची मोरी. ती मोकळी करायला एकाने कमरेला दोर बांधून बुडी मारायची, दुसऱ्याने पाळीवर दोर धरून बसायचं. खालून दोन झटके, जरा थांबून पुन्हा दोन – म्हणजे ओढ. गावातल्या लहान पोरालाही हे ठाऊक असतं.

दादा, माझा मोठा भाऊ, खाली गेला. दोर माझ्याकडे होता. तेवढ्यात मोबाईल वाजला. नोकरीच्या यादीची बातमी होती, आणि रेंज फक्त पाळीच्या पलीकडच्या टोकाला मिळायची. दोराचे दोन वेढे पळसाच्या खोडाला दिले आणि गेलो. परत आलो तेव्हा दोर ताणलेला होता, नुसता ताणलेला. मोरीचं तोंड अचानक मोकळं झालं आणि पाण्याने त्याचा पाय आत ओढून घेतला होता.

सगळ्यांना सांगितलं, "दोर माह्या हातातच होता. झटका आलाच नाही."

झटका आला नाही म्हणजे त्याला काही कळलंच नसेल, असा अर्थ लोकांनी लावला. वहिनीने तो धरून ठेवला. दादाची मुलगी प्राची तेव्हा चार वर्षांची होती. तिला मीच शिकवलं, मीच भंडाऱ्याला कॉलेजात घातलं. ती मला बापाच्या ठिकाणी मानते.

मागच्या हिवाळ्यात तिने फोन केला. "काका, अंदमानले स्कूबाचा कोर्स आहे. चार दिवस बोटीवरच राहाचं, तिथंच शिकाचं. आई म्हणते काका येत असन तर जा."

"पाण्यात कायले जातेस, माय?"

"या ना तुम्ही. तुम्हाले तं पोहणं येते."

खरं सांगतो, तिथूनच मला शंका यायला लागली. इतक्या सुट्ट्या, इतक्या जागा, मग पाणीच काहून? आणि सोबत मीच काहून? विमानात तिने मध्येच विचारलं, "काका, बाबाचा तो दोर कुठं आहे आता?"

"कायले?"

"असंच. घरी दिसत नाही म्हणून."

तो मी जाळला होता. सांगितलं, उंदरांनी खाल्ला.

बोट फार मोठी नव्हती. खाली झोपायच्या फळ्या, वर डेकवर पट्ट्यांनी बांधलेले सिलिंडर आणि सगळीकडे डिझेलचा वास. शिकवणारे सर हिंदी बोलत. पहिल्या दिवशी उथळ पाण्यात मास्कमधलं पाणी काढणं, तोंडातली नळी सोडून पुन्हा धरणं. मी सारखा श्वास कोंडून धरायचो – तलावात बुडी मारणाऱ्याची सवय. इथे तोच सगळ्यात मोठा गुन्हा, वर येताना फुप्फुस फाटतं. सर म्हणाले, "मास्टरजी, साँस लेते रहो. यहाँ फ़ीस में हवा शामिल है." प्राची खो-खो हसली. मी मात्र तिच्याकडेच बघत होतो... ही नेमकी कशाला हसली?

दुसऱ्या दिवशी प्रवाळावर उतरलो. आमच्या तलावात आपला हात आपल्याला दिसत नाही. इथे खाली वाळूवर माझी सावली दिसत होती. वर येताना पाच मीटर खोलीवर तीन मिनिटं थांबावं लागतं, रक्तात मुरलेला वायू निघून जावा म्हणून. त्यासाठी बोटीवरून एक दोर सोडलेला, खालच्या टोकाला शिशाचं वजन. तो धरून थांबलो आणि खालून झटका आला. दोन. थांबून दोन.

वर आल्याबरोबर तिला गाठलं. "दोर कोणं ओढला?"

"कोणता दोर?"

"खालून. दोन-दोन."

"मी तं तुमच्या वरती होती, काका. खालून कशी ओढीन?"

सरांना विचारलं. ते म्हणाले, लाटेवर बोट हलते, दोराला ओढ लागतेच. पटलं. म्हणजे पटवून घेतलं. पण लाट मोजून ओढत नाही. मग वाटलं, वहिनीने काही सांगितलं असेल, दोघींनी मिळून माझी परीक्षा चालवली असेल. त्या संध्याकाळी प्राचीने चहा आणून दिला तर तो घेतानाही मी तिचे हात निरखत होतो. चार वर्षांची असल्यापासून जिला सांभाळलं, तिच्यावर पाळत ठेवून राहिलो होतो मी.

तिसऱ्या दिवशी सकाळी बंदोबस्तच केला. प्राचीला माझ्या वर थांबायला लावलं, सर माझ्या समोर. तिघांच्याही हातात तोच दोर. खाली पाणी काचेसारखं, दोराच्या टोकाचं शिशाचं वजन स्वच्छ दिसत होतं, आजूबाजूला कुणी नाही. आणि झटके सुरू झाले. दोन, थांबून दोन. सरांच्या मुठीकडे पाहिलं, ती हललीसुद्धा नाही. प्राची माशांकडे बघत होती. वजन होतं तिथेच. फक्त माझा हात खांद्यापासून हिसके खात होता. गणिताचा माणूस, मोजत गेलो. अकरा जोड्या होईपर्यंत जोरात, मग हलके, मग एकच झटका, अर्धा... मग दोर माझ्या हातात ढिला पडला.

तीन मिनिटं कधीच संपली होती. मी दोर सोडत नव्हतो. सरांनी एकेक बोट उचकटून मला वर नेलं.

डेकवर प्राचीने माझ्या पाठीवर टॉवेल टाकला. "काका, कायले रडून राहिले?"

सांगितलं. फोन, पळसाचं खोड, सगळं. ती बराच वेळ पायातला फिन काढत बसली. मग म्हणाली, "बाबा गेले तसं पाणी आतून कसं असते, ते मले एकदा पाहाचं होतं. तुम्ही सोबत असले तं भेव नाही वाटणार, म्हणून तुम्हाले आणलं."

मी टॉवेलने तोंड पुसलं.

"आईले मी नाही सांगणार," ती उठताना म्हणाली. "तुम्ही सांगा."

शेवटच्या दिवशी तिने जोडीला सरांना घेतलं. मी डेकवर बसून राहिलो. कोर्स माझा अर्धाच राहिला.

गावी परतल्यावर दुसऱ्याच दिवशी वहिनीकडे गेलो. ती अंगणात सुपात तांदूळ घेऊन बसली होती. सगळं ऐकेपर्यंत तिचे हात थांबले नाहीत. समुद्रातलंही सांगितलं, तेव्हा थांबले.

"म्हणजे त्यायनं ओढलं होतं," ती म्हणाली.

"मी तिथं नव्हतो, वहिनी. मले माहीत नाही."

"मी अठरा वर्षं लोकायले सांगत आली, त्यायले काही समजलंच नाही म्हणून. पोरीले सांगितलं. सासूले मरताना सांगितलं." ती माझ्याकडे न बघता बोलत होती. "आता मी काय सांगू, भाऊजी?"

ती सूप घेऊन आत गेली. त्यानंतर आमचं बोलणं नाही. प्राचीचा फोन येतो, कधीमधी, कामापुरता.

एका डॉक्टर मित्राने सांगितलं की खोल पाण्यात मेंदू खेळ करतो. पाच मीटर म्हणजे काही खोल नव्हे, हे त्यालाही मान्य आहे. अपराधी मन म्हणाल तर तेही मी नाकारत नाही. पण माझ्या उजव्या खांद्याचा स्नायू ताणला होता, महिनाभर हात वर जात नव्हता. तो कशाने, हे कुणी सांगत नाही. खालून कोण ओढत होतं ते मलाही सांगता येणार नाही. एवढंच, की त्या वेळी मी दोर धरून होतो.