उत्पत्ती तीन आणि दावीदमामाचं गेट

सरकारी दवाखान्यात मी बत्तीस वर्षं सिस्टर होते. तिथले किस्से विचाराल तर धड चार आठवायचे नाहीत. पण आमच्या चर्चमध्ये शुक्रवारी चार वाजता जी सहा-सात माणसं सतरंजीवर बसतात, त्यांचे सांगायला लागले तर चहा तीनदा गरम करावा लागेल. मला वाटतं, दवाखान्यात माणूस दुखणं घेऊन येतो आणि बरा झाला की जातो. आमची मंडळी कुठे जातच नाही. तीच माणसं, तोच चहा, आणि यंदा दिवाळीपासून बायबलचा तोच एक अध्याय.

अध्याय उत्पत्तीचा, म्हणजे बायबलच्या पहिल्या पुस्तकाचा, तिसरा. साप, देवाने मना केलेलं फळ, आणि शेवटी आदाम-हव्वेची एदेन बागेतून हकालपट्टी. आमचे पाळकसाहेब नवीन आलेले, वयाने माझ्या धाकट्या मुलाएवढे. त्यांनी सगळ्यांना एक झेरॉक्स वाटली. वर लिहिलेलं, 'या घटनेतून ख्रिस्ती माणसाने काय शिकावे? तीन मुद्दे लिहा.' खाली तीन रेघा. म्हणाले, "एका शुक्रवारात होऊन जाईल." त्यांना आम्ही कुठे माहीत होतो!

*

पहिल्याच शुक्रवारी दावीदमामांनी हात वर केला.

दावीदमामा म्हणजे साखर कारखान्याच्या मेन गेटवरचे रिटायर वॉचमन. चेअरमनच्या जावयाला पास नाही म्हणून उन्हात अर्धा तास उभं करणारा माणूस. बायको, म्हणजे आमच्या रूथमामी, डबा घेऊन गेल्या तर त्यांचीही पिशवी तपासून मगच जेवायचे.

"साहेब, माजा एक सवाल हाय," मामा म्हणाले. "आदामाचं ऱ्हाऊ द्या बाजूला. सापाला आत सोडलं कुनी?"

पाळकसाहेबांनी पुस्तकात बघितलं. तिथे काही लिहिलेलं नव्हतं.

"पहारा कवा लावला? दोघं भाईर गेल्यावर. तलवार घेऊन करूब, म्हंजी देवदूत, हुबा केला, तो बी मागनं. आदी लावला असता तर ह्या अध्यायाची गरजच न्हवती."

पाळकसाहेब म्हणाले, "मामा, यावर आपण पुढच्या शुक्रवारी बोलू." त्या दिवशी एकाही कागदावर मुद्दा लिहिला गेला नाही.

हसलो आम्ही खूप. पण घरी जाताना मला वाईट वाटत राहिलं. कारण मामांच्या स्वतःच्या दारालाही दोन वर्षांपासून पहाराच होता, आणि बाहेर उभा होता तो त्यांचा एकुलता एक मुलगा.

संदेश त्याचं नाव. मला बाळंतपणापासून ठाऊक, माझ्याच हातात जन्मला. मोठा झाला आणि दारूच्या नादी लागला. दोन वर्षांपूर्वी नाताळच्या आठवड्यात पिऊन आला आणि बापावर हात उचलला. रूथमामी मध्ये पडल्या, त्यांच्या बांगड्या फुटल्या. सकाळी मामांनी त्याला दाराबाहेर काढला आणि सगळ्या गल्लीच्या देखत म्हणाले, "मी जिता हाय तवर ह्यो ह्या दाराच्या आत येनार न्हाई." मामांचा शब्द म्हणजे शब्द. संदेशने पुढे दारू सोडली. दीड वर्ष झालं, थेंब नाही, मी स्वतः त्याला औषधाला घेऊन जात होते. फाट्यावर पंक्चरचं दुकान टाकलं, मागच्या पत्र्याच्या खोलीत राहतो. घरापासून चालत दहा मिनिटं. पण आमच्या गल्लीत तो पाऊल टाकत नव्हता आणि मामा फाट्याकडे बघत नव्हते. मधल्या मध्ये मामी वाळून चालल्या होत्या.

*

दुसरा किस्सा माझाच आहे, तोही सांगते.

आमच्यात सुवार्ता म्हणून अंगणवाडीताई आहे. ती म्हणाली, "देवाने विचारलं, फळ का खाल्लं, तर आदाम म्हणतो हिने दिलं. हव्वा म्हणते सापाने फसवलं. आमच्या अंगणवाडीत रोज हेच चालतं. खिचडी सांडली की पहिलं बोट शेजारच्याकडे."

यावर पाळकसाहेब छान बोलले. म्हणाले, फळ खाण्यापेक्षा 'मी खाल्लं' असं न म्हणणं हे जास्त नडलं. मी तर मान डोलावून डोलावून ऐकत होते.

इतक्यात मागून करपल्याचा वास आला. दूध उतू जाऊन सगळ्या शेगडीवर पसरलेलं. आणि दूध ठेवलं होतं मी.

पाळकसाहेबांनी विचारलं, "दूध कोणी ठेवलं होतं?"

मी म्हणाले, "तो गॅसच मेला तसला आहे, लहान होतच नाही."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. याकोबअण्णा हळूच म्हणाले, "सिस्टर, सापाला गॅस म्हनत्यात का आता?" त्या दिवशी सगळ्यांनी कोरा चहा प्यायला, आणि मी शेगडी घासत बसले.

*

हे याकोबअण्णा आमचे टेलर. अध्यायाच्या शेवटाकडे एक ओळ आहे, देवाने आदाम-हव्वेसाठी चामड्याचे कपडे केले आणि त्यांच्या अंगात घातले. ती वाचली आणि अण्णांनी पाळकसाहेबांना थांबवलं.

"परत वाचा."

परत वाचली.

"म्हंजी भाईर घालवायच्या आदी शिवले?"

"हो, आधी."

अण्णा म्हणाले, "चाळीस वर्सं मशीनवर बसलोय. गिऱ्हाईकानं वाकडं बोललं की मी त्याचं कापड तसंच परत फेकतो. आन हितं ज्यांनी आपलं ऐकलं न्हाई, त्यांच्यासाठी बसून शिवलं. चामडं म्हंजी दाबून शिवावं लागतं, बोटं दुकत्यात. वर सोताच्या हातानं अंगात घातलं." जाडाभरडा माणूस, चष्मा काढून पुसत बसला.

रूथमामी कधी बोलत नाहीत. त्या दिवशी खाली बघत म्हणाल्या, "आमी तर पोराला अंगावरच्या कपड्यावर काडला. डिसंबरचा म्हैना हुता."

मामा भिंतीकडे बघत होते. शेवटी सुवार्ताने प्रार्थना केली आणि आम्ही उठलो.

*

आता डब्याचा किस्सा.

रूथमामी दर शुक्रवारी बायबलच्या पिशवीत एक डबा लपवून आणायच्या. सभा संपली की मी तो स्कूटीला अडकवायचा आणि फाट्यावर संदेशला द्यायचा. हे सगळ्या मंडळीला माहीत, पाळकसाहेबांनासुद्धा. एकट्या मामांना माहीत नव्हतं. म्हणजे आम्ही तसं धरून चाललो होतो.

एका शुक्रवारी मामी चपला शोधत होत्या आणि पिशवी मामांच्या हातात आली. आयुष्यभराची सवय, त्यांनी पिशवी उघडली.

"डबा कुनाचा ह्यो?"

मामींचा चेहरा पांढरा पडला. आणि आमचे पाळकसाहेब, जे खोटं बोलण्यावर दोन रविवार उपदेश करून चुकले होते, ते म्हणाले, "माझा आहे, मामा."

"तुमचा व्हय. मंग बसा, खाऊन घ्या."

"नंतर खातो."

"नंतर कशाला? गार हुतील भाकरी. बसा."

बसले बिचारे. बाजरीच्या चार भाकरी, पिठलं, आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. मामा समोर मांडी घालून बसले. पहिल्याच घासाला पाळकसाहेबांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. दुसऱ्या घासाला नाक. मी तांब्याभर पाणी आणून ठेवलं.

"लई तिकट हाय का?" मामांनी विचारलं.

पाळकसाहेबांनी मान हलवली, तोंडातून शब्द फुटत नव्हता.

मामा उठले, टोपी घातली आणि म्हणाले, "त्याला ल्हानपनापासनं तसंच लागतं."

आणि निघून गेले. मामी दाराला धरून उभ्या होत्या. मी त्यांना खाली बसवलं आणि आम्ही दोघी रडलो, लाज कसली त्यात. उरलेल्या दोन भाकरी मी फाट्यावर पोचवल्या. पुढच्या शुक्रवारपासून मामा चर्चच्या दारात मामींची पिशवी आपल्या हाताने धरायचे, पण उघडून बघत नव्हते. दार मात्र बंद ते बंदच. मी एकदा विषय काढला तर म्हणाले, "सिस्टर, शबुद दिलाय. गेटवर शबुद मोडला की गेट ऱ्हात न्हाई."

*

आमच्यातली सगुणाबाई दिवाळीनंतर नवऱ्याबरोबर ऊसतोडीला गेली होती. जायच्या आधीच्या शुक्रवारी आम्ही हा अध्याय उघडलेला. सहा महिने तिकडे सांगलीकडे ऊस तोडून ती चैत्रात परत आली, मुलाला कडेवर घेऊन सतरंजीवर बसली, आणि पाळकसाहेबांनी पुस्तक उघडलं. उत्पत्ती, अध्याय तीन.

सगुणा म्हणाली, "आगं बाई. मी सांगलीला जाऊन आले, आन तुमचा आदाम अजून दारातच?"

पाळकसाहेबच इतके हसले की त्यांना पुढचं वाचता येईना. सगुणाला मी विचारलं, दरवर्षी घराला कुलूप लावून निघताना तुला काय वाटतं ग? ती म्हणाली, "वाटायचं काय? लेकरं गाडीत बसली का न्हाई तेवडं बगते. लेकरं संगं असली की फडावरची पाचटाची कोपी बी घरच हाय." तिच्यासाठी ते इतकं साधं होतं की ती लगेच मुलाचं नाक पुसायला लागली.

पण रूथमामींच्या डोक्यात ते घुसलं असावं. कारण त्यांनी विचारलं, "साहेब, ही दोगं भाईर गेली. मंग देव कुटं ऱ्हायला? बागंत, का भाईर?"

पाळकसाहेबांनी पुस्तक पुढे-मागे चाळलं. मग म्हणाले, "मामी, मला हे कुणी शिकवलं नाही. आठ दिवस द्या."

आठ दिवसांनी ते आले ते वहीत लिहून. म्हणाले, "मी चौथा अध्याय नीट वाचला. पहिल्याच ओळीत हव्वेला मुलगा होतो आणि ती म्हणते, देवाच्या साहाय्याने झाला. म्हणजे बाळंतपणाला देव होता. पुढे हाच मुलगा, काइन, रागाने तोंड पाडून बसतो, तर देव त्याला विचारतो, तोंड का उतरलंय. त्याने सख्ख्या भावाला मारलं, तरी देव त्याच्याशी बोलतो, आणि त्याला कुणी मारू नये म्हणून त्याच्यावर खूण करतो. हे सगळं बागेबाहेर आहे. देव आत एकटा बसून राहिला असं मला कुठे सापडलं नाही."

मामा पुढे सरकले. "मंग त्यो पहारा कशाचा?"

"जीवनाच्या झाडाचा. त्याचं फळ कुणी खाऊ नये म्हणून."

"मालक भाईर, आन गेट बंद?"

"हो, मामा. पुस्तकात तरी तसंच दिसतं."

मामांनी परत विचारलं, "गेट उगडलं न्हाई ना पन? शबुद न्हाई मोडला?"

"नाही. गेट बंदच राहिलं."

मामांनी चहा घेतला नाही. पिशवी उचलली आणि मामींना म्हणाले, "चल."

*

त्यानंतरच्या शुक्रवारी दोघंही आले नाहीत. मामा पावणेचारला हजर असणारा माणूस. साडेचार वाजले तशी मी उठले. बी.पी.ची गोळी त्यांना डॉक्टरांना सांगून मीच चालू करून दिलेली. याकोबअण्णा आणि मी त्यांच्या घरी गेलो. दाराला बाहेरून कुलूप. शेजारीण म्हणाली, "सकाळीच गेले की टेम्पोत सामान घालून. कुटं ते सांगितलं न्हाई."

मामा मामींना घेऊन गाव सोडून गेले, हेच आम्हा दोघांच्या मनात आलं. आता संदेशला कोण सांगणार? अण्णा म्हणाले, "तुमीच सांगा सिस्टर, तुमच्या हातात जन्मलाय." मी स्कूटीला किक मारली, अण्णा मागे बसले.

फाट्यावर पोचलो तर पंक्चरच्या दुकानाबाहेर, लिंबाखाली, मामांची लोखंडी खाट टाकलेली. मामा तिच्यावर बनियनवर बसलेले. पत्र्याच्या खोलीच्या दारात रूथमामी चुलीवर भाकरी थापत होत्या आणि मला बघून नुसत्या हसल्या. दोन वर्षांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. संदेश टपासमोर बसला होता. ट्यूब पाण्यात दाबून धरलेली, मान खाली. ट्यूबमधून बुडबुडा काही येत नव्हता, पण तो ती बाहेर काढत नव्हता आणि तोंडही वर करत नव्हता. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तिथेच बसले.

अण्णांना मात्र राहवलं नाही. ते खाटेजवळ गेले आणि म्हणाले, "काय मामा, मोडला म्हनायचा शेवटी शबुद?"

मामांनी त्यांच्याकडे असं बघितलं, जसं पास नसलेल्या माणसाकडे बघायचे.

"मोडला कुटं? दाराला कुलूप हाय, चावी माज्या खिशात हाय. त्याला आत घेनार न्हाई म्हनलो हुतो, अजून बी घेनार न्हाई. मी भाईर जानार न्हाई, असं कवा म्हनलो?"