तिच्या नावाची हरकत

बायको गेली त्याच्या विसाव्या दिवशी आमच्याकडे काम करणारी बाई साडी परत द्यायला आली. बायकोचीच साडी. हिरवी, बारीक काठाची. तेराव्याला मीच तिला दिलेली, तेव्हा छातीशी धरून रडलेली. आता पिशवीतून काढून टेबलावर ठेवली आणि परत दारात जाऊन उभी राहिली.

"आत ये की," म्हटलं.

"नको बाबा. मावशींची साडी ठेवा. मला नको."

"का गं, काय झालं?"

"पालिकेच्या ऑफिसात यादी लावलीय. आमच्या बिल्डिंगला कोणाकोणाची हरकत हाय त्याची. पोरीने वाचली." मग म्हणाली, "मावशींचं नाव हाय त्यात."

एवढं बोलून जिना उतरून गेली. मी टेबलाजवळ उभाच राहिलो. कारण ते नाव बायकोने लिहिलेलं नव्हतं. मी लिहिलेलं.

मी चौथी शिकलेला माणूस. एसटीच्या खोपट डेपोत टायर बदलण्यात आयुष्य गेलं. मला सुंदर लिहिता येत नाही, पण झालं तसं सांगता येतं.

आमची बिल्डिंग कोपरची. चार मजली, लिफ्ट नाही, गिलावा पडायला आलेला. समोर मोठं मोकळं मैदान आणि त्याच्या पलीकडे रुळाला लागून झोपड्या. ही बाई तिथली. त्या झोपड्यांतल्या लोकांना मैदानावर उंच बिल्डिंगी बांधून घरं द्यायची असं ठरलं. नोटीस लागली. ज्याला विरोध असेल त्याने हरकत लिहून द्यावी.

मग काय, आजूबाजूच्या पाच-सहा सोसायट्यांची आमच्या गच्चीवर मीटिंग भरली. पाणी आत्ताच करंगळीएवढं येतं, एवढी माणसं आली तर नळाला तोंड लावून बसायचं का? गटार तुंबतं. रिक्षा मिळत नाही. हे सगळं खरंच होतं, खोटं काही नव्हतं. पण त्याच्या खाली दुसरं बोलणं चाललेलं. फ्लॅटचा भाव पडेल. पोरीबाळी आहेत आपल्या. एक जण म्हणाला, "वीस मजले! लिफ्ट बंद पडली की बकऱ्या कशा चढवणार वर?" सगळे हसले. मीपण हसलो.

घरी येऊन ते बायकोला सांगितलं. तिच्या पोटात तेव्हा पाणी व्हायला लागलेलं, पडूनच असायची.

"हसलात तुम्ही?" म्हणाली.

"अगं, गंमत केली त्याने."

"आपण राहायला आलो तेव्हा ती मासेवाली काय म्हणायची, विसरलात?"

विसरलो नव्हतो. कोपर गावातली म्हातारी होती. बायको मासे घ्यायला गेली की टोपलीवरचं फडकं न काढता आधी सुनवायची, "तुमी डब्यात राहणारे आले नी आमची बाव आटली." बाव म्हणजे त्यांची विहीर, डबे म्हणजे आमचे फ्लॅट. बायको खाली मान घालून ऐकून घ्यायची आणि बोंबील घेऊन यायची. पुढे त्याच म्हातारीचे ब्लाउज तिने शिवले.

"तेव्हा आपण होतो डब्यातले," बायको म्हणाली. "आता ते."

घर बायकोच्या नावावर. तिच्या मशीनवर झालेलं घर ते. फॉल-पिको, ब्लाउज, परकर, सगळं करायची. त्यामुळे हरकतीवर सही तिचीच लागणार होती. सोसायटीचा सेक्रेटरी कागद घेऊन आला. चाळिशीतला मुलगा, आमच्यासमोर वाढलेला.

"काकी, फक्त इथे सही. बाकी सगळं मी बघतो."

"अरे, तू मला काकी म्हणतोस म्हणून स्पष्ट सांगते. कामाला येते ती पोरगी रोज मला आंघोळ घालते. माझी घाण काढते. तिला घर मिळतंय तर मी आडवी येऊ? तुझ्या आईची घाण काढशील का तू?"

त्याने माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे बघितलं. बाई तेव्हा काम आटपून गेलेली, तिने यातलं काही ऐकलं नाही.

पुढच्याच आठवड्यात बायकोला श्वास पुरेना झाला. रिक्षावाले पेशंट बघून थांबेनात. सेक्रेटरीने आपली गाडी काढली, तिला खुर्चीत बसवून तीन मजले खाली आणलं, एक बाजू त्याने धरलेली. हॉस्पिटलला जाताना सीटवर तिला उलटी झाली तर स्वतः पुसली. हे पण लिहायला पाहिजे.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिचे गाऊन न्यायला घरी आलो. तो जिन्यात भेटला.

"काका, आज शेवटचा दिवस आहे. बिल्डिंगमधलं तुमचंच घर राहिलंय."

मी कागद मीटरच्या पेटीवर ठेवला आणि बायकोचं नाव लिहिलं. तिची सही मला डोळे मिटून येत होती. गिऱ्हाइकाच्या प्रत्येक कपड्याला ती चिठ्ठी टाचायची, त्यावर सही करायची. नावाखाली रेघ, रेघेखाली दोन टिंबं. मी रेघ मारली. दोन टिंबं पण दिली.

गाडीच्या उपकारापोटी सही केली म्हणालो तर लोक मान हलवतील. पण ते अर्धंच खरं. मला ती बिल्डिंग नकोच होती. रिटायर झाल्यापासून मी खिडकीत बसून चहा पितो. समोर मोकळं दिसतं, लांबवर खाडीकडचं झाड दिसतं. आयुष्यभर बसच्या खाली पडून वर बघितलं, आता थोडं लांब बघावंसं वाटायचं. तेवढ्यासाठी केली सही. म्हटलं, ती घरी आली की सांगू, चार शिव्या खाऊ.

ती घरी आली नाही. चौथ्या दिवशी गेली. तिला काही कळलं नाही. आणि मी रडताना लोकांना वाटलं, म्हातारा फक्त बायकोसाठी रडतोय.

साडी परत आल्यावर दोन दिवस मी तिला हात लावला नाही. टेबलाच्या अर्ध्या भागावर जेवलो. तिसऱ्या दिवशी सुनावणीची नोटीस आली, बायकोच्या नावावर. सेक्रेटरी म्हणाला, "काका, तुम्ही वारस म्हणून उभे राहा. काकींची हरकत कायम आहे एवढंच बोला. बाकी मी बोलतो."

कल्याणला सुनावणी. आमच्याकडून पन्नासएक माणसं गेलेली, टोप्या-पाट्या घेऊन. झोपड्यांतली दहाबारा माणसं मागच्या भिंतीला उभी. ती बाई नव्हती. कामाचा दिवस होता.

एकेक नाव पुकारत होते. मग तिचं नाव आलं. पूर्ण नाव, मधे माझं नाव लावून. लग्नात भटजीने घेतलं होतं तेव्हापासून मोठ्याने असं कोणी घेतलं नव्हतं. मी उठलो.

"ती वारली, साहेब."

"तुम्ही कोण?"

"नवरा. आणि साहेब, ही सही तिची नाही. मी केलीय. तिची हरकत नव्हती. तिने नाही म्हणून सांगितलेलं."

साहेबाने चष्म्यावरून बघितलं. "म्हणजे खोटी सही केली तुम्ही?"

"हो."

सेक्रेटरी पटकन उठला. "साहेब, त्यांची मिसेस महिन्याभरापूर्वीच गेलीय. काकांचं मन थाऱ्यावर नाही. काका, बसा तुम्ही." माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्याच हाताने खुर्ची उचललेली. मला तो झटकता आला नाही.

साहेब कारकुनाला म्हणाले, "मयत लिहा. पुढचं नाव घ्या."

मी टेबलाजवळ गेलो. कारकुनासमोर माझा तो कागद होता, रेघ आणि दोन टिंबांचा. म्हटलं, "मयत नका लिहू. विरोध नव्हता असं लिहा."

"आजोबा, तसा रकाना नाही यात. हरकत कायम, हरकत मागे, नाहीतर गैरहजर. मयत पण मी बाजूला लिहितोय."

लिहिलं त्याने. मी उभा राहून बघितलं. येताना आमच्या माणसांसोबत बसलो नाही, बसायला कोणी सांगितलंही नाही.

संध्याकाळी साडी पिशवीत घालून मैदान ओलांडून गेलो. इतकी वर्षं खिडकीतून बघितलेलं मैदान, पलीकडे कधी गेलेलो नव्हतो. बाईचं घर विचारत विचारत काढलं. ती बाहेर पाणी भरत होती. हंडा भरून बाजूला ठेवला. मग म्हणाली, "काय बाबा?"

सगळं सांगितलं. मीटरची पेटी, टिंबं, सगळं. मावशी काय बोलली होती तेही सांगितलं, शब्दाला शब्द.

तिने ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुमाला बिल्डिंग नको होती, तर तुमचं नाव का न्हाई लिवलं?"

घर बायकोच्या नावावर होतं, पण हे काही उत्तर नाही.

"यादी कळली त्या राती मी झोपले न्हाई, बाबा. मावशींना शिव्या दिल्या. मेलेल्या माणसाला. तुमच्यामुळे."

"हो."

तिने पिशवीसाठी हात पुढे केला. साडी काढली, उलटी केली आणि फॉलच्या टाक्यांवरून अंगठा फिरवला. बायकोचेच टाके ते, बारीक, एकसारखे.

"ही ठेवते मी," म्हणाली. "तुम्ही जावा आता. आणि दुसरी बाई बघा कामाला."

दुसरी बाई मी बघितली नाही. दोन भांडी असतात, घासतो. सोसायटीत कोणी बोलत नाही, सेक्रेटरी तेवढा जिन्यात बाजूला होऊन वाट देतो. बाकीच्यांच्या हरकती तशाच आहेत म्हणून बिल्डिंगीचं काम अडलंय. मैदानाला पत्रे लावून ठेवलेत. पत्र्यांच्या वरून लांबचं झाड अजून दिसतं. चहा मी आता स्वयंपाकघरात उभ्यानेच पितो.