ही पावडर मी घेतली तर?

ग्रुपमधल्या आई-बाबांनो, आज दुपारचीच गोष्ट सांगते.

माझी सात वर्षांची ईरा ऑटिस्टिक आहे. सदाशिव पेठेतल्या एका क्लिनिकने तीन महिन्यांपूर्वी ऑटिझम कमी होईल म्हणून तिची पोळी आणि दूध बंद करायला लावलं. तेव्हापासून तिचे सगळे फ्रॉक ढगळ झालेत.

आज तिच्या लघवीचा रिपोर्ट आला. शिसं जास्त, लाल अक्षरांत! क्लिनिकच्या डॉक्टर सरांनी लगेच अंगातले धातू काढायच्या गोळ्या लिहायला घेतल्या.

मी भोसरीच्या एका कारखान्यात लॅब सांभाळते. रिपोर्ट तळापासून वाचायची सवय आहे. तळाशी बारीक अक्षरांत लिहिलं होतं, की नॉर्मलचे आकडे कुठलंही औषध न घेतलेल्या माणसांचे आहेत. आणि ईराला तर नमुना देण्याआधी धातू लघवीवाटे बाहेर काढणारी पावडर क्लिनिकनेच दिली होती!

"सर, ही पावडर मी घेतली तर माझंही शिसं वाढलेलं दिसेल?"

"दिसणारच. थोडं प्रत्येकाच्या अंगात असतं."

"मग गोळ्या आम्हा दोघींना लिहा. तुम्हीही घ्या."

मी फाइल उचलली आणि निघाले.

आमच्या नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांना फोन केला. ते म्हणाले, "गोळ्यांना हात लावू नका, किडनीवर परिणाम होईल. आणि पोळी-दूध आजच सुरू करा."

असा नमुना कारखान्यात आला असता तर मी दारातूनच परत पाठवला असता. तुमच्या फाइलमधल्या रिपोर्टची तळाची ओळ वाचलीत का कधी?

ईरा बोलत नाही. आत्ता तिच्या ताटात पोळी वाढली. तिने हात पुढे केला, थांबली आणि आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं.