रवाडीची राणी

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये, पाट्या कोरणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये लागलेले. तिथलं मशीन इंग्रजी अक्षरं झकास कोरायचं, मराठीचा मात्र पत्ता नव्हता. मग काय, मी हट्टाने मराठी अक्षरं बनवायला घेतली. काम ठिपक्यांच्या रांगोळीसारखंच. अक्षर म्हणजे कॉम्प्युटरला दिलेली ठिपक्यांची यादी, मशीनची सुई एका ठिपक्यापासून पुढच्यापर्यंत रेघ ओढत जाणार. जिथे सुई उचलायची, तिथे यादीत एक जागा रिकामी सोडायची. आणि गंमत म्हणजे, प्रोग्रॅमच्या एकाच ओळीत अख्ख्या यादीला दोनने गुणलं की अख्खं नाव दुप्पट! पहिल्यांदा जमलं तेव्हा मी खुर्चीतून उठून नाचलेले.

पहिली ऑर्डर चेंदणीच्या एका कोळीण मावशींची. त्यांच्या नव्या होडीसाठी पितळी पाटी, ‘खाडीची राणी’. दुसऱ्याच दिवशी पूजा करून होडी पाण्यात उतरणार होती. मालकांनी दम भरला, "ही बिघडली तर मराठी बंद. परत ए बी सी डी."

आधी कागदावर काढून दाखवलं. मावशी कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या.

"ही रवाडी कोन गो?"

अरे देवा! माझा ख म्हणजे शेजारीशेजारी उभे र आणि व. मावशी खो खो हसल्या, मग कागदावर बोट ठेवून म्हणाल्या, "बाय, उद्या सगला गाव बघनार. माझं हसं नको करू."

मी व सरकवून र च्या जवळ आणला. पितळेची पाटी एकच उरलेली. मशीन चालू केलं आणि बघते तर काय, सरकवताना यादीतली र आणि व यांच्या मधली रिकामी जागाच माझ्या हातून उडालेली! र चं शेपूट संपलं तरी सुई उचलली नाही, तशीच ओरखडत व च्या काठीच्या पायथ्याशी गेली. माझं धाबं दणाणलं. वाटोळं केलं मी, मावशींचंही आणि माझंही. रडू आवरेना म्हणून तोंड फिरवून उभी राहिले.

"आता कसा ख दिसतो!" मागून मावशी.

वळून बघितलं. र चं शेपूट व ला जाऊन चिकटलेलं. शाळेत बाईंनी गिरवून घेतलेला तोच ख!

"कसं जमवलंस?" मालकांनी विचारलं.

"विचार करून," मी म्हटलं.

पूजेला मावशींनी मला मुद्दाम बोलावलं. नारळ फोडून झाल्यावर त्या एकेकाला ओढत नेऊन पाटी वाचायला लावत होत्या. मी जीव मुठीत धरून ऐकत होते. एकही जण रवाडी म्हणाला नाही.